डोळ्यांचे पारणे इंग्रजीत कसे फेडावे?

प्रश्न : माझी मुलगी लग्न होऊन इंग्लंडात असते. गुढीपाडव्याला फडके रोडवरची स्वागतयात्रा पाहून मी तिच्या तिथल्या मैत्रिणींना फोटो पाठवले आणि खाली लिहिले, ‘व्हेरी गॉर्जियस सीनरीज, अ साइट फॉर सोअर आइज’. मुलीचा लगेच फोन आला. म्हणाली, ‘आई, चूक असं नाही, पण असं कुणी म्हणत नाही गं.’ मग कसं म्हणतात, असं विचारलं तर म्हणे ते सांगता येत नाही, कानाला कळतं. माझ्या कानाला कसं कळावं? – एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : मुलीने आईचा मान राखला. त्या एका ओळीत चुका आहेत, आणि त्यांतल्या एकीने तर अर्थच बदलतो. पण कानाला कळते हे तिचे म्हणणे खरे आहे, आणि त्यासाठी तुमचा मराठी कान आधीच तयार आहे.

आपण पांढरेशुभ्र म्हणतो, काळेकुट्ट म्हणतो, लालभडक, पिवळेधमक, हिरवेगार म्हणतो. लालकुट्ट किंवा काळेधमक असे कोणी म्हटले तर चौथीतले पोरही हसेल. चांदणे टिपूर असते, ऊन टिपूर नसते. झाडी गर्द, धुके दाट, भांडी लखलखीत. यातले काहीच व्याकरणाच्या तासाला शिकवलेले नाही, तरी आपण चुकत नाही. इंग्रजीतले सौंदर्याचे शब्दही असेच आपापल्या वस्तूला बांधलेले असतात. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते. तरुणपणी ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार त्यांनी पुढे रुजवला आणि त्या संगतीला ‘कोलोकेशन’ हे नाव रूढ झाले. आपल्या शाळांनी शब्दार्थ घोकून घेतले. संगत शिकवायची राहून गेली.

आता तुमची ओळ उलट्या टोकाकडून घेऊ. ‘अ साइट फॉर सोअर आइज’ याचा अर्थ सुंदर दृश्य असा नाही. ज्याची वाट पाहून डोळे शिणले, ते माणूस किंवा ती वस्तू एकदाची दिसली की हे म्हणतात. रात्री पावणेबाराला कल्याण स्टेशनाबाहेर पाऊस कोसळतो आहे, एकही रिक्षावाला थांबत नाही आणि तेवढ्यात एक रिकामी रिक्षा समोर येऊन उभी राहते, ती ‘साइट फॉर सोअर आइज’. रिक्षा फाटक्या टपाची असली तरी चालेल. जोनाथन स्विफ्टने इंग्रजांच्या दिवाणखान्यातल्या गप्पांची टिंगल करणारे पुस्तक 1738 साली काढले, त्यात हा प्रयोग जवळजवळ याच रूपात आहे आणि तिथेही तो माणसाच्या येण्याबद्दलच आहे. डोंबिवलीची स्वागतयात्रा 1999 पासून निघते. करोनामुळे 2020 आणि 2021 ही दोन वर्षे ती निघू शकली नाही. निर्बंध उठल्यावर 2022 च्या पाडव्याला तुम्ही ही ओळ लिहिली असतीत तर अगदी चपखल बसली असती. एरवी वाचणारी इंग्रज बाई बुचकळ्यात पडणार, की या बाईंचे इतके दिवस काय अडले होते.

तुमच्या मनात बहुधा ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ होते. त्याला ‘अ फीस्ट फॉर द आइज’ हा प्रयोग आहे आणि तो अस्सल इंग्रजी आहे. आपल्याकडे डोळ्यांनी आधी उपास केलेला असतो, त्यांच्याकडे थेट पंगत. ‘ट्रीट’ही चालते, पण ‘ट्रीट टू द आइज’ हे रूप इथले. तिकडे ‘फॉर’ म्हणतात. दोन्ही प्रयोग मात्र छापील इंग्रजीत जास्त दिसतात. घरगुती निरोपात ते जरा नटूनथटून आल्यासारखे वाटतात.

फडके रोडसाठी मी सुचवेन : ‘द स्ट्रीट वॉज अ रायट ऑफ कलर.’ रायट म्हणजे दंगल खरी, पण इथे पोलीस बोलवावे लागत नाहीत. पैठण्या, नऊवाऱ्या, फेटे, ढोल-ताशांची पथके, लेझीम असे सगळे रंग एकमेकांवर चढून येतात तेव्हा इंग्रज हेच म्हणतो. भगवे फेटे आणि झेंडेच डोळ्यांत भरले असतील तर ‘अ सी ऑफ सॅफ्रन’. नटूनथटून आलेल्या बायकांसाठी ‘डेक्ड आउट इन नाइन-यार्ड सारीज’. यातल्या एकाही प्रयोगात ‘ब्युटिफुल’ नाही, हे ध्यानात घ्या. काय होते ते सांगितले की किती सुंदर होते हे ऐकणाऱ्याला कळते.

‘सीनरी’चे दुखणे तर आपल्या घराघरांतले. मराठीत सीनरी भिंतीवर टांगता येते, रस्त्यावर विकत मिळते, आणि चित्रकलेच्या तासाला हमखास काढायला लावतात : दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि कोकणात कुणी न पाहिलेल्या कोनात वाकलेले नारळाचे झाड. इंग्रजीत त्या चित्राला ‘लँडस्केप’ म्हणतात. ‘सीनरी’ हा शब्द तिथे मोजता येत नाही. त्याला आधी ‘अ’ लागत नाही आणि त्याचे अनेकवचनही होत नाही. शिवाय सीनरी असते ती डोंगर, रान, समुद्रकाठ यांची. पावसाळ्यात लोकलच्या खिडकीतून मुंब्र्याच्या डोंगरावरचे धबधबे दिसतात ती सीनरी. रस्त्यातली मिरवणूक म्हणजे ‘साइट’, आणि फारच भव्य असेल तर ‘स्पेक्टॅकल’. एका ठरावीक जागेवरून जे दिसते तो ‘व्ह्यू’. ‘आय एंजॉइड द नेचर’ हेही आपलेच. तिकडे सीनरी किंवा ‘कंट्रीसाइड’ एंजॉय करतात.

उरले ‘व्हेरी गॉर्जियस’. गॉर्जियस, स्टनिंग, ब्रेथटेकिंग, मॅग्निफिसंट या शब्दांत ‘फार’ आधीच मुरलेले असते. ‘फार अप्रतिम’ म्हटल्यावर मराठी कानाला जे खटकते तेच इथेही. जोर द्यायचाच असेल तर ‘अॅब्सोल्यूटली गॉर्जियस’ किंवा ‘सिंप्ली स्टनिंग’. ‘व्हेरी’ ब्युटिफुल, प्रिटी, लव्हली यांच्यापुढे लागते. ‘क्वाइट’पासून मात्र सांभाळून. इंग्लंडात ‘क्वाइट स्टनिंग’ म्हणजे खरोखर थक्क करणारे, आणि ‘क्वाइट प्रिटी’ म्हणजे बरे आहे, वाईट नाही. मुलीच्या मैत्रिणी इंग्लंडातल्या असतील तर त्यांच्या तोंडी सगळ्यांत जास्त येणारा शब्द साधा ‘लव्हली’ असणार. अमेरिकेतल्या असत्या तर ‘गॉर्जियस’ आणि ‘अमेझिंग’ यांची खैरात चालली असती.

प्रश्न : दिवाळी पहाटेला आम्ही तलावपाळीवर जातो. पाण्यातले दिवे, कंदील, मुलींचे दागिने, सगळ्याला इंग्रजीत ‘शाइनिंग’ याखेरीज दुसरे काही सुचत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सुचत नाही, कारण आपण आधी मराठीतच ‘चमकत होते’ वर थांबतो. आजी थांबली नसती. तिच्या भाषेत लांबचे दिवे लुकलुकतात, पाणी चमचमते, सोने लखलखते, रोषणाई झगमगते, पणती तेवते, वाऱ्यात फडफडते आणि तेल संपत आले की मिणमिणते. एवढी बारकाई ज्या भाषेत आहे तिच्या लेकरांनी इंग्रजीत एकाच शब्दावर भागवू नये.

तलावपाळीला मासुंदा तलावाच्या पाण्यावर प्रकाश हलतो त्याला ‘शिमर’. पलीकडच्या काठावरचे बारके दिवे ‘ट्विंकल’ करतात. ते बालगीतातून आपल्याला ठाऊकच आहे. दागिने, जर, टिकल्या यांना ‘ग्लिटर’ किंवा ‘स्पार्कल’. घासलेली पितळी समई ‘ग्लीम’ करते. त्या शब्दात घासूनपुसून आणलेली झिलई असते. दव पडलेले पान, ओला डांबरी रस्ता, भरून आलेले डोळे यांना ‘ग्लिसन’, म्हणजे तिथे ओल हवी. कंदिलातून झिरपणारा उजेड ‘ग्लो’, वाऱ्यात हलणारी ज्योत ‘फ्लिकर’. आणि मांडवातला हॅलोजन डोळ्यांवर येतो, त्याला ‘ग्लेअर’. तो सौंदर्यात धरत नाहीत.

‘द लॅम्प्स शिमर्ड ऑन द लेक’ एवढे वाक्य पुरे. त्याला शेवटी ‘ब्युटिफुली’ जोडू नका.

या शब्दांच्या जोड्या लावून पाहायच्या असतील तर मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश उघडा. तो 1831 चा, सुधारलेली आवृत्ती 1857 ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही चाळता येतो. लखलख, झगझग, चकचक अशा शब्दांची त्यात रेलचेल आहे. मात्र त्यातले इंग्रजी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाचे आहे. तिथून मराठीची श्रीमंती घ्यावी. इंग्रजी आजच्या कोशात पडताळून घ्यावे.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांच्या माहितीपत्रकांचे इंग्रजी तपासण्याचे काम माझ्याकडे येते. ‘नेसल्ड इन द लॅप ऑफ नेचर’, ‘पिक्चरेस्क टॉवर्स’, ‘लेक फेसिंग’ अशी भाषा असते. परदेशातल्या मराठी ग्राहकालाही ती पाठवतात. काय ठेवू, काय काढू? – एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ‘लॅप ऑफ नेचर’ म्हणजे आपली ‘निसर्गाची कूस’ इंग्रजी कपड्यात. भारतात ती घोडबंदरपासून गुडगावपर्यंत सगळ्यांना कळते, तेव्हा इथल्या ग्राहकासाठी तिला चूक म्हणण्याचा हट्ट मी धरणार नाही. भारतीय इंग्रजी हीही एक इंग्रजी आहे. पण इंग्लंड-अमेरिकेत ‘लॅप’ असते ती ‘लक्झरी’ची, निसर्गाची म्हटली की भाषांतराचा वास येतो.

‘नेसल्ड’ शब्द चांगला आहे, फक्त तो लहान वस्तूसाठी आहे. डोंगराच्या बगलेत दडलेले खेडे, झाडीतले कौलारू घर ‘नेसल’ करते. चाळीस मजल्यांची इमारत कशात दडणार? ती ‘राइजेस’ किंवा ‘स्टँड्स’. खरे तर ‘अॅट द फूट ऑफ द येऊर हिल्स’ एवढेच लिहा. ते खरे आहे, सरळ आहे, आणि येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग असल्याने ज्याला कळायचे त्याला निसर्ग कळतो.

‘पिक्चरेस्क’बद्दल जरा लांब सांगतो, कारण त्या शब्दाला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने इंग्रजांना आपला मुलुख चित्र म्हणून पाहायला शिकवले. चित्रात शोभेल ते ‘पिक्चरेस्क’ : पडका बुरूज, वेडीवाकडी झाडे, खडबडीत कडा, त्यावर उगवलेले गवत. गुळगुळीत आणि रेखीव गोष्टी त्यात बसत नसत. हीच नजर घेऊन थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे हिंदुस्थान हिंडले. 1793 मध्ये ते मुंबईत होते, आणि त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या प्रसिद्ध चित्रसंग्रहात साष्टीतल्या कान्हेरी लेण्यांचेही चित्र आहे. कान्हेरी म्हणजे तुमच्या येऊरच्याच जंगलाची पलीकडली बाजू. तेव्हा कल्याणच्या खाडीवरचा दुर्गाडी किल्ल्याचा बुरूज ‘पिक्चरेस्क’ म्हणावा. काचेच्या टॉवरला ‘स्लीक’ किंवा ‘स्ट्रायकिंग’ शोभते.

‘लेक फेसिंग’ऐवजी ‘ओव्हरलुकिंग द लेक’ किंवा ‘विथ व्ह्यूज अक्रॉस द लेक’. आणि बाल्कनीच्या कठड्याला धरून मान वाकडी केल्यावरच तलावाचा तुकडा दिसत असेल, तर त्यालाही इंग्रजीत प्रामाणिक शब्द आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या घरांच्या जाहिरातींत ‘सी ग्लिम्प्सेस’ असे लिहितात, म्हणजे समुद्राची ओझरती झलक. ठाण्यात ‘लेक ग्लिम्प्सेस’ छापणारा बिल्डर निघाला तर त्याचे पहिले कौतुक या सदरात होईल.

‘ब्रेथटेकिंग’ एका पत्रकात एकदाच. पानापानावर श्वास रोखला तर गिऱ्हाईक दगावेल.

प्रश्न : मुलीसाठी अमेरिकेतले स्थळ आले आहे. माहितीत ‘फेअर, स्मार्ट, होमली’ लिहिले आहे. बरोबर ना? – एक वाचक, कल्याण

उत्तर : ‘होमली’ आजच्या आज काढा. आपल्याकडे विवाह मंडळांच्या वह्यांत त्याचा अर्थ घर सांभाळणारी, घरोब्याने वागणारी असा रुळला आहे. इंग्लंडात तो शब्द उबदार घराला किंवा साध्या जेवणाला लावतात. अमेरिकेत माणसाला ‘होमली’ म्हटले तर अर्थ होतो दिसायला यथातथा.

‘स्मार्ट’ही तिकडे हुशार या अर्थी घेतील, इंग्लंडात टापटीप कपड्यांतली. मुलगी हुशार असेल तर राहू द्या. ‘फेअर’ व्याकरणाने बरोबर आहे, आणि तरीही ते काढा असे मी म्हणेन. का, ते तुमच्या मुलीला विचारा. फोटो सोबत जातोच आहे. फार वाटले तर ‘शी हॅज अ लव्हली स्माइल’ लिहा. साखरपुड्याला भावी सूनबाईंचे कौतुक तिकडचे व्याही करतील ते ‘यू लुक लव्हली’ असे. आपण ‘यू आर लुकिंग व्हेरी ब्युटिफुल’ म्हणतो, कारण मनात ‘सुंदर दिसते आहेस’ चालू असते.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो पाहिले. त्यांच्या थव्याला ‘फ्लॅम्बॉयन्स’ म्हणतात असे वाचले. वापरू का? – एक वाचक, कळवा

उत्तर : प्रश्नमंजूषेत वापरा. शब्द खरा आहे, पण बोलताना ‘फ्लॉक’च म्हणतात. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तेव्हापासून इंग्रजी मथळ्यांत गुलाबी विशेषणांचा पूर आला आहे. त्या सगळ्यांपेक्षा ‘द क्रीक टर्न्स पिंक’ हे साधे वाक्य सरस. आणि घरी रोहित म्हणा किंवा अग्निपंख. हे शब्द फ्लॅम्बॉयन्सच्या तोडीचे आहेत.

प्रश्न : अंबरनाथच्या देवळाबद्दल मुलाने शाळेच्या निबंधात ‘अ स्टोन ओल्ड ब्लॅक ब्युटिफुल टेंपल’ लिहिले. बाईंनी लाल रेघ मारली, कारण सांगितले नाही. – एक वाचक, डोंबिवली (पश्चिम)

उत्तर : कारण क्रम. इंग्रजीत आपले मत आधी येते, मग आकार, वय, रंग आणि शेवटी वस्तू कशाची बनली आहे ते : ‘अ ब्युटिफुल ओल्ड ब्लॅक स्टोन टेंपल’. जे. आर. आर. टोल्किनने एका पत्रात सांगितले आहे की लहानपणी ड्रॅगनची गोष्ट लिहिताना त्याने ‘हिरवा’ आधी आणि ‘थोरला’ नंतर लिहिले, तेव्हा आईने दुरुस्त केले; का, ते त्यालाही पुढे कळले नाही. तेव्हा मुलाने वाईट वाटून घेऊ नये.

पण चार विशेषणांची गरजच काय? शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले, 1060 चे, वालधुनीकाठचे भूमिज शैलीतले देऊळ आहे ते. बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा कोरल्यावाचून राहिलेली नाही. त्याला लिहू दे : ‘एव्हरी इंच ऑफ द वॉल इज कार्व्ड.’ बाई शेरा मारतील तो हिरव्या शाईने.

प्रश्न : कुठला शब्द कशाबरोबर जातो हे पाहायचे कुठे? – अनेक वाचक

उत्तर : अर्थ सांगणारा कोश इथे पुरत नाही. ‘ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी’ नावाचा विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश आहे. पहिली आवृत्ती 2002 ची, दुसरी 2009 ची. त्यात विशेषण शोधू नका, नाम शोधा. ‘व्ह्यू’ उघडले की त्याच्याबरोबर नांदणारी विशेषणे, क्रियापदे आणि पुढे लागणारी शब्दयोगी अव्यये रांगेत दिसतात. ‘सनसेट’, ‘कलर’, ‘स्माइल’ अशी दहा-बारा नामे पाहून ठेवलीत तरी फोटोखालच्या ओळी सुधारतील. शोधयंत्रात पूर्ण वाक्प्रयोग अवतरणचिन्हांत टाकूनही अंदाज येतो. मात्र सगळी उत्तरे भारतीय संकेतस्थळांवरूनच येत असतील, तर तो प्रयोग आपल्या घरचा आहे असे समजावे आणि परदेशी वाचकासाठी दुसरा शोधावा.

तुमच्या फोटोखालची ओळ अडली असेल तर या सदराकडे पाठवा. सोबत ती कुणासाठी लिहिली आहे, इंग्लंडातल्या विहिणीसाठी, अमेरिकेतल्या साहेबासाठी की इथल्याच सोसायटीच्या गटासाठी, तेवढे अवश्य कळवा. त्यावाचून उत्तर देता येत नाही.